निकालाआधीची उचल

द्वारका गर्जेला 'नाही' म्हणालेली माणसं आमच्या जिल्ह्यात बरीच आहेत. त्यांतल्या बहुतेकांना मी ओळखतो. कुणी निवृत्त झालं, कुणी नातवंडांत रमलं, एक जण तर रोज संध्याकाळी माझ्याच दुकानात बसून चहा पितो. गप्पा फार रंगल्या की मी मुद्दाम तिचं नाव काढतो. मग त्यांचा हात आपोआप कान धरायला जातो आणि चहा गार होतो. मला या गोष्टीचा फार आनंद होतो.

मी नगरला प्रयोगशाळेचं काचसामान विकतो. एमएस्सी रसायनशास्त्रात केली ती ब्युरेट हातात धरण्यासाठी, पण नशिबात ती खोक्यात भरून विकणं होतं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

नव्वदीतली गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात आमचा एमएस्सीचा वर्ग होता. वर्गात मुली मोजक्या, आणि त्या पुढच्या बाकावर अशा अंग चोरून बसायच्या, जणू बाक संध्याकाळी परत द्यायचा आहे. पहिल्याच दिवशी तास निम्मा झाल्यावर दार उघडलं आणि खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेतलेली एक उंच मुलगी आत आली. पाथर्डीची एसटी करंजीच्या घाटात पंक्चर झाली होती. तिनं वर्गभर नजर फिरवली, रिकामी जागा दिसली नाही, मग ट्रंक दारातच ठेवली आणि तिच्यावर बसली.

"चालू द्या सर," ती म्हणाली. "मी बसले."

जणू तास तिच्यासाठीच थांबला होता. खरं तर थांबलाच होता.

त्या ट्रंकेत कपडे थोडे आणि कोयता एक होता. ऊस तोडायचा, चांगला घासलेला. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी ट्रंक उघडायला लावली आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या.

"हे हत्यार इथं चालणार नाही."

"हत्यार न्हाई बाई, अवजार हाय. पेन चालतं का तुमच्या हितं?"

"पेन चालतं."

"मंग हे बी चालू द्या. पेन याच्याच जिवावर घेतलंय."

बाईंनी कोयता ऑफिसच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. पण पुढं वसतिगृहात पूजा असली आणि नारळ फुटेना झाला, की बाई स्वतःच कुलूप काढायच्या आणि जिन्यातून हाक मारायच्या, "गर्जे, जरा खाली ये गं."

द्वारकाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की घराला कुलूप आणि बिऱ्हाड श्रीगोंद्याच्या बाजूला, कारखान्याच्या पट्ट्यात. उन्हाळा तापला की परत. म्हणजे हिची शाळा अर्धी पाथर्डी तालुक्यात आणि अर्धी उसाच्या फडाशेजारच्या गावात, जिथले मास्तर तिला शेवटच्या रांगेत बसवून तिचं नाव दरवर्षी नव्यानं विचारायचे. तिला त्याचा राग नव्हता. "नाव विचारलं म्हंजी ध्यानात तरी आलं, कोनतरी बसलंय," असं ती म्हणायची.

हा तिचा खास हिशेब होता. नकारातूनही ती काहीतरी काढून घ्यायची. एखाद्या कारकुनानं खिडकीतून हाकललं की आम्ही तोंड पाडून परत यायचो. ही येऊन सांगायची, "न्हाई म्हनले. म्हंजी ऐकलं तरी." आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत उभी.

ती हुशार होती का? तुम्ही आता म्हणाल, फडातली मुलगी, म्हणजे चमत्कार असणार. तसलं काही नव्हतं. प्रयोगशाळेत तिचा हात जड होता. उसाची मोळी उचलणाऱ्या हाताला पिपेट म्हणजे नुसती काडी. ती धरायची आणि काडी मोडायची. वेणीत पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल सगळ्या टेबलांखाली शोधायची. चालताना टाचा अशा टाकायची की वरच्या मजल्यावर ती आली हे खालच्या मजल्यावर कळायचं. पण एक होतं. प्रयोग फसला की आम्ही शेजारच्याचे आकडे उतरवून घरी जायचो. ही भांडी धुऊन पुन्हा पहिल्यापासून मांडायची. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत बसायचा, आणि ही मान वर न करता त्याला म्हणायची, "वाजवा मामा, मला ताल येतोय."

आता भोसीकर सरांकडे येतो, कारण त्यांच्याशिवाय ही कथा म्हणजे काडेपेटीविना स्टोव्ह.

भोसीकर सर आमचे विभागप्रमुख. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि पीएचडीचे मार्गदर्शक, म्हणजे गाईड. त्या काळी आमच्याकडं पीएचडी करायची रीत ठरलेली होती. आधी एमएस्सीचा निकाल लागू द्यायचा. मग पेढे घेऊन गाईडच्या घरी जायचं. गाईड म्हणायचे, बघू. मग वर्षभर, दोन वर्षं, कधी तीन वर्षं ते बघायचे. या काळात उमेदवारानं सरांचं वीजबिल भरायचं, गॅसच्या रांगेत उभं राहायचं, त्यांच्या भाचीच्या लग्नात पंगतीला वाढायचं. हे सगळं नीट झालं की नाव नोंदलं जायचं, आणि नाव नोंदलं की संशोधन सुरू व्हायचं, म्हणजे पुन्हा वीजबिल. सरांचा सर्वांत जुना शोधछात्र शिंदे. तो कशावर संशोधन करतो हे आम्हाला माहीत नव्हतं, पण नगरातल्या कुठल्या दुकानात शेंगदाणा चांगला मिळतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर दुष्ट नव्हते, हे स्वच्छ सांगतो. त्यांनी स्वतः त्यांच्या गाईडच्या दारात अशीच वर्षं काढली होती. ती फुकट गेली असं त्यांना कुणी म्हणू शकत नव्हतं, ते स्वतः तर नाहीच. म्हणून त्यांनी त्या वर्षांना साधना असं नाव दिलं होतं आणि आता ती पुढच्या पिढीकडून करून घेत होते.

आमच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, द्वारकानं वाचनालयातल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली. हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेला पीएचडीसाठी विद्यार्थी हवे होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला बसलेले विद्यार्थीही अर्ज करू शकतील. आम्ही सगळ्यांनी ती जाहिरात वाचली होती. बारीक अक्षर फक्त तिनं वाचलं.

अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती, त्यांतलं एक विभागप्रमुखाचं. ती सरांच्या खोलीत गेली. मी सोबत होतो, कारण तमाशा होणार हे मला माहीत होतं आणि मी तमाशा सहसा चुकवत नाही.

सरांनी जाहिरातीचं कात्रण वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"गर्जे, तुमची परीक्षा कधी आहे?"

"एप्रिलात."

"निकाल?"

"ऑगस्टात लागंल."

"मग आज जानेवारीत पीएचडीचा अर्ज? अजून एमएस्सी झाली नाही, होईल की नाही हे ठाऊक नाही, आणि तुम्ही डॉक्टर व्हायला निघालात?"

"आमच्यात असंच असतं, सर."

"कुणात?"

"ऊसतोडीत."

आणि तिनं विभागप्रमुखांना उचल समजावून सांगितली. कारखाना दिवाळीच्या आसपास पेटतो. पण तोडणी करणारी माणसं मुकादम पावसाळ्यातच ठरवतो आणि त्यांच्या हातावर पैसे ठेवतो. ती उचल. तेव्हा ऊस कमरेएवढाही झालेला नसतो. तोडणारे अजून आपल्या गावात बाजरी खुरपत असतात. तरी हंगाम ठरलेला असतो.

"ऊस तोडून दाखव, मंग बोलवतो, असं मुकादम म्हनला तर कारखाना चालंल का, सर? काम आधी ठरतं. मंग मानूस कामाला लागतं."

"हे विज्ञान आहे, गर्जे. फड नाही."

"व्हय सर. पन हंगाम थांबत न्हाई, दोनीकडं."

सर म्हणाले, आधी निकाल, मग भेटा. ती बाहेर आली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल. ती वेणीतली पेन्सिल शोधत होती.

"न्हाई म्हनले," ती म्हणाली. "म्हंजी ऐकलं तरी."

तिला घाई का होती, हे मला त्याच दिवशी कळलं. कॅन्टीनच्या मागं, भिंतीला टेकून, तिनं अगदी सरळ सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता. तिच्या आबांची पाठ आता वाकत नव्हती. शेजारच्या वाडीतलं एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, कष्टाळू होता. आबांनी एवढंच म्हटलं होतं की शिक्षण संपू दे. मे महिन्यात शिक्षण संपणार. जूनच्या पुढं मुकादम उचल वाटत फिरणार. तोवर काही ठरलं नाही, तर तिचं लग्न ठरणार, नव्या जोडीच्या नावानं उचल घेतली जाणार आणि दसऱ्याला ती फडावर.

"ऑगस्टात निकाल घिऊन मी काय करू?" ती म्हणाली. "पाचटावर ठिवू?"

पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं. ती पेटायला काडी पुरते.

त्यानंतर तिनं भोसीकर सरांना जो वेढा घातला, तो मी उभा राहून पाहिला आहे. ती भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. रोज प्रात्यक्षिक संपलं की सरांच्या खोलीच्या दारात उभी राहायची. सर म्हणायचे, नाही. ती म्हणायची, बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. सर मागच्या दारानं जायला लागले. ती मागच्या दाराशी उभी राहायला लागली. मग सर पुन्हा पुढच्या दारानं जायला लागले, तर तिनं मला पुढच्या दाराशी उभं केलं. मी काहीच बोलायचो नाही, नुसता हसायचो. सरांना त्याचा जास्त त्रास झाला असावा.

एका रविवारी ती सरांच्या घरी गेली. ओसरीवर शिंदे आणि आणखी दोन उमेदवार मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मधोमध शेंगांचा ढीग, बाजूला दाण्यांचं सूप. शिंदेनं सवयीनं थोडं सरकून तिला जागा केली. ती बसली नाही.

"मी शेंगा फोडायला न्हाई आले," ती म्हणाली. "सही न्यायला आले."

ओसरीवर फोडण्याचा आवाज थांबला. आतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्यांनी द्वारकाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"या घरात इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

"घेते. पन उभ्यानं."

काकूंनी तिला चहा दिला, सरांना दिला नाही. सरांनी तरीही सही दिली नाही. ते म्हणाले, माझ्या हाताखालच्या कुठल्याच मुलानं असा उद्धटपणा केला नाही. द्वारका म्हणाली, त्यांच्या हातात शेंगा हुत्या सर. आणि कप धुऊन निघून गेली.

दुसरं पत्र मात्र मिळालं. ते दिलं देशमाने मॅडमनी. तासिकेवर शिकवणाऱ्या, बारीक चणीच्या, कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या बाई. त्यांचा स्वतःचा प्रबंध भोसीकर सरांच्या कपाटात वाचायचा म्हणून पडून होता, आणि कपाट उघडायला सरांना वेळ नव्हता. म्हणजे द्वारकाला पत्र देणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी एका बैठकीत पत्र लिहिलं आणि सही करून दिलं. दोन दिवसांनी सरांनी त्यांना प्रयोगशाळेतच, आमच्यासमोर विचारलं.

"मॅडम, तुमचा प्रबंध माझ्याकडे आहे. विसरलात का?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच विसरलात की काय, असं मला वाटायला लागलं होतं."

मॅडम पुन्हा वहीत बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते, पण मान सरळ होती. ही लागण द्वारकाची होती, याबद्दल मला शंका नाही.

अर्जाची मुदत जवळ आली. शेवटच्या दिवसांत एका दुपारी द्वारका सरांच्या खोलीत गेली आणि या वेळी दारात थांबली नाही. समोर जाऊन उभी राहिली.

"सर, तुमाला माझ्याबद्दल चांगलं लिहायचं न्हाई ना?"

"नाही."

"मंग वाईट लिहा."

सरांनी वर पाहिलं.

"खोटं लिहू नका. जे मनात हाय त्येच लिहा. ही पोरगी कशी हाय, ते त्यांना कळू द्या. पन लिहा."

"लिहू?" सर म्हणाले. "लिहितोच."

त्यांनी विभागाचा छापील कागद ओढला आणि फडाफडा लिहायला लागले. इंग्रजीत लिहीत होते आणि प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्यानं ऐकवत होते, म्हणजे बाण वाया जायला नको.

"ही विद्यार्थिनी उतावळी आहे."

"व्हय."

"शिक्षकांशी वाद घालते."

"घालते."

"काचसामान फोडते."

"त्ये बी लिहा सर. तिथं काच जास्त आसंल, त्यांना आधी कळालेलं बरं."

"नाही हा शब्द हिला कळत नाही."

"कळतो. पटत न्हाई."

सरांनी तेही लिहिलं. मग पेन थांबलं. भोसीकर सरांच्या अंगात सगळं होतं, पण खोटेपणा नव्हता, आणि खरं लिहायला बसल्यावर ते निम्म्यावर सोडणं त्यांना जमेना. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "हातात घेतलेला प्रयोग हिनं कधी अर्धवट सोडलेला नाही."

या वाक्यावर द्वारका पहिल्यांदाच काही बोलली नाही.

सरांनी पाकीट बंद केलं, त्यावर सही केली, शिक्का मारला, आणि म्हणाले, "आता जा. आणि दार लावून घे. बाहेरून."

परीक्षा झाली. मे महिन्याच्या अखेरीस हैदराबादला मुलाखत. आबांनी एकटीला पाठवायला नकार दिला, तेव्हा देशमाने मॅडम म्हणाल्या, मला चारमिनार बघायचाच होता. मॅडमनी चारमिनार बघितला नाही. त्या संस्थेच्या फाटकाबाहेर बाकावर दिवसभर बसून राहिल्या.

आत काय झालं ते द्वारकानं मला आल्यावर करून दाखवलं, पाचही परीक्षकांच्या आवाजात. एका परीक्षकानं भोसीकर सरांचं पत्र हातात धरून विचारलं, तुमच्याच सरांनी तुमच्याबद्दल हे लिहिलंय, ठाऊक आहे का? ती म्हणाली, हो सर, मीच लिहायला लावलं. तिचं इंग्रजी तिच्या चालण्यासारखं होतं, टाचा आपटत जाणारं. पण जाणारं. त्यांनी विचारलं, निकालापर्यंत का थांबला नाहीत? तेव्हा तिनं त्या सगळ्या विद्वानांना कोयता, मुकादम, उचल आणि हंगाम, असं सगळं इंग्रजीत सांगितलं. उचल या शब्दाला इंग्रजी शब्द सापडला नाही, म्हणून तिनं तो तसाच ठेवला. बाहेर पडताना एक म्हातारे परीक्षक आपल्या शेजाऱ्याला म्हणत होते, उचल, उचल. पाठ करत असावेत.

वसतिगृह सुट्टीत बंद, गावात टपाल आठवड्यातून कधीतरी. म्हणून तिनं संस्थेला माझ्या घरचा पत्ता दिला होता. जूनच्या अखेरीस पाकीट आलं. मी ते घेऊन पाथर्डीला गेलो, तिथून जीपच्या मागच्या फळीला लटकत तिच्या गावी.

अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली. बाजेवर आबा, त्या स्थळातल्या मुलाचे वडील, आणि पांढरी टोपी घातलेला एक भरदार गृहस्थ. ते त्रिंबकराव मुकादम. त्या आठवड्यात ते एकाआड एक दिवस येत होते. द्वारकाची आई दारात उभी, आणि द्वारका तुळशीजवळ, हात मागं बांधून. मी आलेला पाहून तिनं फक्त भुवई उचलली.

"पत्र आहे," मी म्हणालो.

"वाचा," आबा म्हणाले. "समद्यांसमोर वाचा. लपवायचं काय हाय त्यात."

मी उभा राहून वाचलं. इंग्रजी वाचायचं, मराठी सांगायचं. मी या गोष्टी चांगल्या करतो, माझा आवाज चांगला आहे. कळवण्यात येतं की द्वारका सोनबा गर्जे यांना पीएचडीसाठी तात्पुरता प्रवेश देण्यात येत आहे. त्यांनी जुलैअखेर हजर व्हावं. दरमहा विद्यावेतन मिळेल. एमएस्सीचा निकाल लागताच दाखवावा. पहिला वर्ग नसल्यास प्रवेश रद्द होईल.

आबांनी तंबाखू मळायला घेतली.

"म्हंजी ती अजून पास न्हाई झाली."

"नाही."

"तरी घेतली?"

"हो."

"आन पैसं देनार?"

"दर महिन्याला."

"पास न्हाई झाली तर?"

"परत यावं लागेल."

आबा मळत राहिले. मग त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "म्हंजी उचल हाय ही."

मी शिकलेला माणूस. विद्यावेतन वेगळं, उचल वेगळी, हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या पायावर एक टाच आली. द्वारका तुळशीजवळून कधी माझ्या शेजारी आली होती, कळलं नाही. ती टाच अजून दुखते, थंडीत विशेष.

"व्हय आबा," ती म्हणाली. "उचलच हाय."

त्रिंबकराव हसले. "अरं सोनबा, कागदाची कसली उचल? आपन हितं रोख घिऊन बसलोय."

"त्रिंबकराव," आबा म्हणाले, "तुमच्या वडलांच्या टायमापासून हंगाम करतोय मी. कवा एका हंगामात दोन मुकादमांची उचल घेतली का?"

"न्हाई घेतली."

"कोन घेतो?"

"हलकट मानूस घेतो," त्रिंबकराव म्हणाले. दुसरं काही म्हणायची त्यांना सोय नव्हती. त्यांचा सगळा धंदा त्याच एका नियमावर उभा होता.

"मंग माझ्या पोरीला काय सांगता तुमी?"

मुलाचे वडील उठले आणि धोतर झटकलं. "बराबर हाय. तिकडं शब्द गेलाय," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. व्यवहार कळणारी माणसं होती ती.

त्रिंबकरावांचं मात्र कुतूहल जाईना. "मुकादम कोन तिकडचा?"

मी पत्राखालचं संचालकांचं नाव वाचलं.

"परमुलखातला दिसतोय. हंगाम किती दिसाचा?"

"पाच वर्षांचा," मी म्हणालो.

त्रिंबकरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"लई मोठा कारखाना दिसतोय," ते म्हणाले.

आईनं चहा आणला. चहात गूळ जरा जास्तच होता. पाहुणे गेल्यावर आबांनी द्वारकाला समोर बोलावलं. "उचल घेतलीस," ते म्हणाले. "आता फड खाली करून द्यावा लागंल. पाठ दुखली, ऊन लागलं, मानसं बोलली, तरी मधून पळून यायचं न्हाई. आपल्यातलं कोनी आजवर पळालं न्हाई."

"न्हाई पळत," ती म्हणाली. मुलाखतीतसुद्धा ती इतकी सरळ उभी राहिली नसेल.

आता निकालाचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. ऑगस्टात लागला. पहिला वर्ग मिळाला, काठाकाठानं, प्रात्यक्षिकात काच फुटल्याचे गुण जाऊनसुद्धा. पुढं ती डॉक्टर झाली, तिकडंच राहिली, आणि पुरवठादारानं माल वेळेवर दिला नाही तर काय होतं, हे त्या शहरातल्या माझ्या धंदेबंधूंना विचारावं. देशमाने मॅडमचा प्रबंध त्याच वर्षी कपाटातून निघाला. कुणी काढला हे कळलं नाही, काकूंवर माझा संशय आहे. भोसीकर सरांच्या ओसरीवर मात्र शेंगा फोडल्या जातच राहिल्या. रीती एवढ्यानं मोडत नाहीत.

पण माझ्या डोळ्यांपुढं आहे तो त्याआधीचा, जुलैचा दिवस. निकाल लागायचा होता. माळीवाड्याच्या स्टँडवर सोलापूरची गाडी उभी. तिथून पुढं रेल्वे. टपावर तीच पत्र्याची ट्रंक, आणि तिच्या मांडीवरच्या वळकटीत गुंडाळलेला कोयता, जो रेक्टरबाईंनी कपाटातून काढून, फडक्यानं पुसून परत दिला होता. कंडक्टरनं वळकटी चाचपली.

"ह्ये काय हाय?"

"अवजार," ती म्हणाली. कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं आणि तिकीट फाडलं.

तेवढ्यात स्कूटर आली. पुढं भोसीकर सर, मागं शिंदे. सर धापा टाकत खिडकीपाशी आले.

"गर्जे, अजून ऐक. निकाल लागू दे, मग जा. पहिला वर्ग हुकला तर तिथून परत यावं लागेल. सगळ्या गावासमोर परत यावं लागेल. कळतंय का?"

"कळतंय, सर."

"मग?"

"पटत न्हाई."

मला वाटतं, सर त्या क्षणी हसले. आता ते नाकारतात. द्वारकानं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

"शेंगदाणे हायेत. घरचे. फोडून आनल्यात."

"तू तर फोडणार नव्हतीस."

"तवा तुमच्या हाताखाली हुते, सर."

गाडी सुरू झाली. सरांनी पुरचुंडी न बघता मागं शिंदेकडं दिली. शिंदेनं सवयीनं ती उघडली, आणि फोडायला काही नाही हे बघून तसाच उभा राहिला. मी गाडीबरोबर चालत, मग पळत, फाटकापर्यंत गेलो.

"निकाल लागला की तार करू का?" मी ओरडलो.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पेन्सिल वेणीत होती.

"पास झाले तर कर," ती म्हणाली. "नापास झाले तर नको करू. मला तिथं काम आसंल."